तीर्थयात्रा आणि तीर्थ : ‘क्वेकर सिटी’ आगबोटीची १८६७ची सफर

‘तीर्थ’ हा शब्द मराठी माणसाने मोठ्या सोयीने वापरला आहे. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ उताराची जागा, घाट, पाण्यात उतरायचा किंवा पाण्यातून बाहेर पडायचा काठ. त्यावरून पवित्र क्षेत्र, आणि पवित्र क्षेत्रावरून पळीभर पवित्र पाणी. पुढे कोण्या मिश्कील माणसाने तो पेल्यातही ओतला, आणि ‘आज तीर्थ घेणार का?’ या प्रश्नाचा अर्थ कुणालाच समजावून सांगावा लागेना. काठ, क्षेत्र आणि पेला असे तिन्ही अर्थ एकाच आगबोटीवर एकत्र आले तर काय होते, याचा एक उत्तम दाखला एकोणिसाव्या शतकाच्या इतिहासात आहे. ती आगबोट म्हणजे ‘क्वेकर सिटी’. ८ जून १८६७ रोजी तिने न्यू यॉर्कचा धक्का सोडला आणि १९ नोव्हेंबरला ती परत आली. मधल्या साडेपाच महिन्यांत साठ-सत्तर अमेरिकन उतारूंनी अझोर्स बेटांपासून इजिप्तच्या पिरॅमिडांपर्यंत भूमध्य समुद्राचे काठ पालथे घातले.

मित्रमंडळी जमवून बोटीवर जायचे, खायचे-प्यायचे, बंदर आले की उतरून गाव पाहायचे आणि रात्री पुन्हा आपल्याच खोलीत झोपायला यायचे, हा प्रकार आज कोट्यवधी लोक दरवर्षी करतात. १८६७ साली तो नवाच होता. त्याआधी लोक बोटीने जात ते कुठेतरी पोचण्यासाठी. इंग्रज कादंबरीकार थॅकरे १८४४ साली पी अँड ओ कंपनीच्या पाहुणचाराने कैरोपर्यंत जाऊन आला होता. पण त्याच्या बोटी टपालाच्या नेहमीच्या फेऱ्या करणाऱ्या होत्या. ‘क्वेकर सिटी’ मात्र आख्खीच्या आख्खी सहलीसाठी घेतलेली. तिला कुठेही पोचायचे नव्हते, सगळीकडे जाऊन घरी यायचे होते. म्हणूनच अमेरिकेतून निघालेली पहिली मोठी आनंदसफर म्हणून तिचे नाव घेतले जाते.

या सफरीत एकतीस वर्षांचा एक वार्ताहर होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘आल्टा कॅलिफोर्निया’ या पत्राने त्याचे भाडे भरले होते आणि दर पत्रामागे वीस डॉलर देण्याचे कबूल केले होते. त्याचे नाव सॅम्युएल क्लेमेन्स. वाचक त्याला मार्क ट्वेन म्हणून ओळखतात. त्या पत्रांतून १८६९ साली ‘द इनोसंट्स अब्रॉड’ हे पुस्तक तयार झाले. पहिल्या वर्षात त्याच्या सुमारे सत्तर हजार प्रती खपल्या. विनोदी पुस्तक म्हणून ते आजही वाचतात. मला मात्र ते हिशेबाच्या वहीसारखे वाचावेसे वाटते. कोणत्या काठावर किती पैसे दिले, कशाला दिले आणि कशाला द्यायचे टाळले, याच्या नोंदी त्यात जागोजागी आहेत. ट्वेन किस्से रंगवून सांगतो, हे लक्षात ठेवूनच त्या वाचायच्या. पण किस्सा रंगवताना माणूस काय लपवत नाही, तेही पाहण्यासारखे असते.

माहितीपत्रकातले जग

सफरीचे माहितीपत्रक १ फेब्रुवारी १८६७चे, ब्रुकलिनहून काढलेले. पुस्तकाच्या सुरुवातीलाच ट्वेनने ते छापले आहे. दीडशे उतारू मावतील अशी पहिल्या दर्जाची आगबोट घ्यायची, पण तिच्या तीनचतुर्थांशच जागा भरायच्या. उतारू शक्यतो एकमेकांच्या ओळखीपाळखीचे, स्नेहीसोबती असावेत. अर्ज समिती मंजूर करील तेव्हाच तिकीट मिळेल. भाडे १,२५० डॉलर. दहा टक्के आधी भरल्याशिवाय जागा पक्की नाही. बोटीवर ग्रंथालय, वाद्ये, अनुभवी डॉक्टर. बंदरात न उतरता बोटीवरच राहायचे असेल तर वेगळा खर्च नाही, आणि बोटीपासून काठापर्यंत नेणाऱ्या होड्यांचे भाडे बोटीकडे. सगळ्या उतारूंचे एकमत झाले तर मार्गही बदलता येईल.

त्यात एक ओळ खर्चाची आहे. काठावर उतरून हिंडण्यासाठी माणशी दिवसाला पाच सोन्याचे डॉलर पुरेसे होतील, असा आयोजकांचा अंदाज. या ओळीपाशी मी बराच थांबलो. परक्या देशात उतरण्याची किंमत आधी घरी बसून ठरवली जाते, हा आनंदसफरीचा पाया तिथे दिसतो. बोटीवरचे जग भाड्यात मोजून घेतलेले, आणि काठावरचे जग दिवसाला पाच डॉलरच्या मापात बसवलेले. काठावरच्या माणसाला हे माप कुणी विचारलेले नव्हते.

ब्रुकलिनच्या प्लिमथ चर्चचे प्रसिद्ध धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर आणि यादवी युद्धातले सेनापती शर्मन या सफरीला येणार, अशी हवा होती. दोघेही आले नाहीत. उरले ते मुख्यतः खाऊनपिऊन सुखी, चर्चला नियमाने जाणारे, मध्यम वयाचे आणि त्याहून मोठे लोक. माहितीपत्रकात पहिले नाव पवित्र भूमीचे होते. त्यामुळे कित्येकांच्या मनात ही सहल नव्हतीच, यात्रा होती.

एका बोटीवरचे दोन पंथ

बोट सुटल्यावर उतारूंचे दोन पंथ पडले. एक प्रार्थनेचा. रोज संध्याकाळी जेवणाच्या मोठ्या दालनात प्रार्थनासभा भरे, स्तोत्रे म्हटली जात. दुसरा पंथ धूम्रपानाच्या जागी जमणाऱ्या टोळक्याचा. त्यात ट्वेन, त्याच्या खोलीतला सोबती डॅन स्लोट, डॉक्टर जॅक्सन, तरुण जॅक व्हॅन नॉस्ट्रँड आणि आणखी दोघेतिघे. स्लोट हा न्यू यॉर्कचा कागद-वह्यांचा व्यापारी. निघायच्या आठवडाभर आधी आईला लिहिलेल्या पत्रात ट्वेनने या सोबत्याची ओळख करून दिली आहे. हा सिगार ओढतो, वाइन पितो, देवाधर्माचे याला काही नाही, आणि याच्याइतका सरळ मनाचा माणूस सापडणार नाही, असा तिचा आशय. पुढच्या साऱ्या प्रवासात ट्वेन ‘यात्रेकरू’ हा शब्द दुसऱ्या पंथासाठी वापरतो आणि स्वतःच्या टोळक्याला पाप्यांत जमा करतो.

या दोन पंथांच्या मधोमध कप्तान चार्ल्स डंकन. हाच सफरीचा कर्ता-करविता. संपूर्ण मद्यत्यागाचा प्रचारक म्हणून तो ओळखला जाई. पण पुस्तकात ४ जुलैचे, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचे जेवण आहे. बोट भूमध्य समुद्रात, मार्सेच्या वाटेवर. भाषणांवर भाषणे झाली, सगळी कंटाळवाणी. मग कप्तान उठला. त्याने सर्वांना दीर्घायुष्य चिंतले आणि लगेच वाढप्याला शँपेनची आणखी एक करंडी आणायला सांगितले. त्या दिवशीचे एकमेव चांगले भाषण हेच, असा ट्वेनचा शेरा.

दहा वर्षांनी या गोष्टीला उत्तरार्ध जोडला गेला. १८७७ साली डंकनने व्याख्यानात सांगितले, की ट्वेन तिकिटासाठी कचेरीत आला तेव्हा त्याच्या तोंडाला व्हिस्कीचा, तोही हलक्या व्हिस्कीचा, वास येत होता. ट्वेनने न्यू यॉर्कच्या ‘वर्ल्ड’ पत्रातून उत्तर दिले. त्याने आरोप नाकारला नाही. चाळीस वर्षे मद्यत्यागाचा अखंड प्रचार करणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या श्वासावरून व्हिस्कीची प्रत बरोबर ओळखता येते, एवढेच कौतुक केले. या भांडणाने वाचकांची करमणूक झाली. पण त्यामुळे सफरीचा इतिहास ‘पिणारे विरुद्ध प्रार्थना करणारे’ असा लिहिला जाऊ लागला. माझ्या मते खरी वाटणी ती नव्हे. ती पाहायची तर बोटीवरून खाली उतरावे लागते.

अकरा बाटल्या

पहिला काठ आला तो अझोर्सचा. पोर्तुगालच्या ताब्यातल्या फायल बेटावरचे होर्ता बंदर. पुस्तकात ब्लूचर नावाने येणारा एक उतारू जमीन लागल्याच्या आनंदात मित्रांना जेवण देतो. जेवण झाले, सिगार झाले, आणि बिल आले : दहा जेवणे, प्रत्येकी ६०० रेइसप्रमाणे ६,००० रेइस. पंचवीस सिगार, २,५०० रेइस. वाइनच्या अकरा बाटल्या, प्रत्येकी १,२०० रेइसप्रमाणे १३,२०० रेइस. एकूण २१,७०० रेइस. यजमान पांढराफटक पडला. आता घरी परतणे नाही, आपण धुळीला मिळालो, असा आक्रोश. शेवटी कळले, की हजार रेइस म्हणजे एक डॉलर. बिल अवघे २१ डॉलर ७० सेंटचे होते. लगेच आणखी मागवायची तयारी झाली.

किस्सा हसवतो. मी मात्र बिलाची बेरीज पुन्हा मांडून पाहिली. एका बाटलीच्या किमतीत दोन माणसांचे जेवण येत होते, आणि एकूण बिलाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग बाटल्यांचा होता. एवढी महाग का? त्याचे उत्तर खुद्द ट्वेननेच त्या बेटांच्या वर्णनात एका वाक्यात देऊन टाकले आहे. इथे पूर्वी निर्यातीसाठी पुष्कळ वाइन होत असे. पंधरा वर्षांपूर्वी रोग पडून सगळ्या वेली मेल्या आणि तेव्हापासून वाइन बनलेली नाही, असे तो लिहितो.

हा रोग म्हणजे ओइडियम, वेलींवर पडणारी भुरी. होर्ताच्या समोर, मधला चिंचोळा समुद्र ओलांडला की पिको बेट आहे. ज्वालामुखीच्या काळ्या दगडांचे. तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या दगड वेचून कमरेएवढ्या उंचीचे बांध रचले आणि समुद्राचा खारा वारा अडवून लहान लहान चौकटींत द्राक्षवेल जगवली. या बांधांचा प्रदेश २००४ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घोषित केला. तिथली वाइन होर्ता बंदरातून जगभर जाई. १८५०च्या दशकात भुरीने हा धंदा बसवला. आणि भुरी आली होती अमेरिकेतून. म्हणजे ज्या देशातून आलेल्या रोगाने बेटाची वेल नेली, त्याच देशाचे पाहुणे होर्तात अकरा बाटल्या रिचवून बिलावर हसत होते. यात त्यांचा वैयक्तिक दोष काही नाही. त्यांना ते ठाऊकही नसावे. पण बेटावरचे लोक गरीब, मळकट आणि आळशी का दिसतात, याचे कोडे ट्वेनला पडले, तेव्हा त्याने त्याचे खापर त्यांच्या धर्मावर आणि स्वभावावर फोडले. मेलेल्या वेलींचे वाक्य त्याच प्रकरणात आहे. दोन्ही गोष्टी त्याने पाहिल्या, जोडल्या नाहीत.

काठावर काही तासांसाठी उतरणाऱ्याच्या नजरेची मर्यादा ही अशी. दिसते सगळे. जोडायला वेळ नसतो.

मार्से ते मिलान

मार्सेला उतरून टोळके आगगाडीने पॅरिसला, तिथल्या जागतिक प्रदर्शनाला गेले. या टप्प्यावर ट्वेन आपल्याच देशबांधवांवर घसरतो. मार्सेच्या खानावळीत एक अमेरिकन साऱ्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत असतो, की वाइनशिवाय आपण जेवतच नाही. ज्या देशात सूपाइतकीच वाइनही जेवणात धरलेली असते तिथे ही बढाई! घरी लपून घ्यायची वस्तू परदेशात मिरवून घ्यायची, हा प्रकार आपल्याकडच्या सहलींतही अनोळखी नाही.

मिलानला मात्र त्याच्या लेखणीचा सूर बदलतो. संध्याकाळी कामधाम आटोपून माणसे सहकुटुंब बाहेर पडतात, सौम्य मद्य किंवा कॉफी घेत बसतात, बँड ऐकतात, लवकर घरी जाऊन झोपतात. झिंगलेला माणूस दिसत नाही. आम्ही अमेरिकन लोक काम संपले तरी नफ्यातोट्याचा विचार अंथरुणापर्यंत नेतो आणि अकाली म्हातारे होतो, असे तो लिहितो. सबंध पुस्तकात तो काठावरच्या लोकांकडून काही शिकायला तयार झालेला दिसतो, अशा मोजक्या जागांपैकी ही एक. पिणे हा तिथे गुन्हाही नव्हता आणि पराक्रमही नव्हता. दिवस उतरवून ठेवण्याची ती एक रीत होती.

चोरलेली द्राक्षे

१८६५पासून भूमध्य समुद्राच्या बंदरांवर पटकीची दहशत होती. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि तिने पटकीचे मूळ हिंदुस्थानात असल्याचा निर्णय दिला. त्यामुळे बाहेरून येणारी प्रत्येक बोट संशयित ठरे. ‘क्वेकर सिटी’चे उतारूही सुटले नाहीत. इटलीत कोमो सरोवराकाठी बेलाजिओला पोलिसांनी त्यांना खोलीत कोंडून धुरी दिली. ऑगस्टच्या मध्यात पिरेयसला तर त्यांना अथेन्स समोर दिसत असून उतरण्याची बंदी झाली.

रात्री अकराच्या सुमारास ट्वेन आणि तिघे सोबती गुपचूप होडीतून काठाला लागले. पकडले गेले असते तर सहा महिने तुरुंग, असे त्यांना सांगण्यात आले होते. वाटेत द्राक्षमळे लागले. चौघांनी द्राक्षे तोडली, राखणदारांची हाक आली की टाकून दिली, पुढे गेल्यावर पुन्हा तोडली. अ‍ॅक्रोपोलिसवर चांदण्यात संगमरवरी देवळे पाहिली आणि पहाटे बोटीवर परतले. पुस्तकातले हे सर्वांत सुंदर प्रकरण आहे. पण द्राक्षाच्या बाजूने पाहिले तर होर्ताला निदान बाटल्यांचे पैसे दिले होते. अथेन्सला तेही नाही. पापी पंथाचे हे पाप त्याने हसत सांगितले आहे. मळ्याचा धनी त्यात फक्त एक ओरडणारी सावली आहे.

इथे एक तुलना सुचते. वाफेच्या बोटींमुळे यात्रा सोपी झाली ती काही अमेरिकनांचीच नव्हे. याच काळात मुंबई बंदरातून मक्केच्या यात्रेला जाणारे हजारो गरीब मुसलमान डेकवर दाटीवाटीने बसून जात. त्यांची आबाळ एवढी गाजली, की १८८६ साली हिंदुस्थान सरकारने त्या यात्रेची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे सोपवली. सुखवस्तू इंग्रजांच्या सहली काढणारी ती हीच कंपनी. आगबोट तीच, समुद्र तोच, निमित्तही देवाचेच. पण विलगीकरण चुकवून द्राक्षे खाऊन आलेल्याचा किस्सा होतो. डेकवरच्या यात्रेकरूने तेच केले असते, तर त्याची नोंद पटकीच्या अहवालात झाली असती.

घोडे आणि होडी

सप्टेंबरात पवित्र भूमी आली. बैरूतहून दमास्कस आणि तिथून जेरुसलेम असा घोड्यांवरचा लांबचा प्रवास आठ जणांनी पत्करला. ट्वेन त्यांच्यात होता. दुभाष्या, नोकर, तंबू, भांडीकुंडी असा सरंजाम. खर्च माणशी दिवसाला पाच डॉलर, सोन्यात. म्हणजे माहितीपत्रकातला अंदाज तंतोतंत खरा ठरला.

इथे दोन पंथांची खरी परीक्षा झाली. दमास्कसची वाट तीन दिवसांची. पण मध्ये रविवार येत होता आणि रविवारी प्रवास करणे भाविकांना पाप वाटे. त्यांनी तीन दिवसांची मजल दोन दिवसांत मारायचे ठरवले. घोडे थकलेले, उन्हाने होरपळलेले. ट्वेनने आणि इतरांनी घोड्यांची बाजू घेऊन पाहिली. उपयोग झाला नाही. दिवसाला बारा-तेरा तास दौड करून रविवार वाचवला गेला. धर्माचे अक्षर पाळायचे आणि त्याची दया मारायची, अशा अर्थाची ट्वेनची टीका या पुस्तकातली सर्वांत कडवट आहे. या प्रसंगात मद्याचा थेंबही नाही.

दुसरा प्रसंग गालिली सरोवराकाठचा. येशूने ज्या पाण्यावरून प्रवास केला त्यावर एकदा तरी होडीतून जायचे, ही या लोकांची आयुष्यभराची आस. होडी दिसली. हाका मारून बोलावली. नावाड्याने दोन नेपोलियन, म्हणजे आठ डॉलर मागितले. यांनी एक देऊ केला. नावाड्याने होडी वळवली आणि निघून गेला. मागून पूर्ण पैसे द्यायच्या हाका दिल्या, पण तो थांबला नाही. त्या यात्रेत सरोवरावर दुसरी होडी मिळाली नाही. आठ जणांत आठ डॉलर, म्हणजे माणशी एक. बाराशे पन्नास डॉलर मोजून पृथ्वीच्या अर्ध्या वाटेवर आलेली माणसे शेवटच्या एका डॉलरला अडली. मला या सबंध सफरीत तो नावाडी फार आवडतो. घरी बसून ठरवलेले माप ज्याने मान्य केले नाही, असा काठावरचा तो एक माणूस.

दगड फोडण्याचा छंद मात्र दोन्ही पंथांत पसरला होता. नाझरेथच्या गुहेपासून ठिकठिकाणचे टवके उतारूंच्या पिशव्यांत गेले. इजिप्तमध्ये तर स्फिंक्सच्या चेहऱ्यावर हातोडीचा आवाज ऐकू आला; आपल्यातलाच एक जण आठवण म्हणून तुकडा काढू पाहत होता.

बोटीवर आलेला काठ

जाफा बंदरात एक वेगळीच गोष्ट घडली. वर्षभरापूर्वी अमेरिकेतल्या मेन राज्यातून एका धर्मोपदेशकाच्या नादी लागून काही कुटुंबे पवित्र भूमीत वसाहत करायला आली होती. वसाहत फसली. उपासमार, आजार, मृत्यू. उरलेल्यांपैकी सुमारे चाळीस जणांना ‘क्वेकर सिटी’ने अलेक्झांड्रियापर्यंत नेले. ते वाटभर निमूट, खिन्न बसून होते. पुढे त्यांना घरी कसे पाठवायचे हा प्रश्न होता. उतारूंपैकी मोझेस बीच, न्यू यॉर्कच्या ‘सन’ पत्राचे मालक, यांनी पंधराशे डॉलर दिले आणि तो प्रश्न मिटवला.

पंधराशे म्हणजे एका तिकिटाहून थोडे अधिक. बीच हे प्लिमथ चर्चचे, म्हणजे प्रार्थना करणाऱ्यांच्या गोटातले. तेव्हा ‘भाविक म्हणजे ढोंगी’ हे ट्वेनने रूढ केलेले समीकरण त्याच्याच नोंदीत मोडते. बोटीवर कोण काय पितो आणि कोणते स्तोत्र म्हणतो यावरून काठावर तो कसा वागेल ते कळत नाही. द्राक्षे चोरणारा घोड्यांसाठी भांडतो. प्रार्थना करणारा घोडे दमवतो, आणि दुसरा प्रार्थना करणारा चाळीस जणांना घरी पाठवतो.

त्यानंतर

मित्रांचे पुढे काय झाले? स्लोटच्या पेढीने ट्वेनने पेटंट घेतलेली, पानांना आधीच डिंक लावलेली चिकटवही विकली. पुढे पैशांवरून दोघांत कायमची फूट पडली. स्मर्ना बंदरात चार्ल्स लँग्डन या तरुण सोबत्याने आपल्या बहिणीचे हस्तिदंतावरचे चित्र ट्वेनला दाखवले होते. १८७० साली ऑलिव्हिया लँग्डन ट्वेनची पत्नी झाली.

सफरीचा नमुना मात्र धंदा झाला. हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालिनला हिवाळ्यात रिकाम्या उभ्या राहणाऱ्या बोटींची काळजी होती. २२ जानेवारी १८९१ रोजी त्याने ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ २४१ उतारू घेऊन भूमध्य समुद्राकडे पाठवली. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी असताना परदेशी बोटींनी हद्दीबाहेर जाऊन नुसते प्यायचे आणि परत यायचे अशा फेऱ्या काढल्या. ‘कुठेच न जाणारी सफर’ असे त्यांना म्हणत. काठ गळाला आणि पेला तेवढा उरला.

ट्वेनच्या बाबतीत मात्र उलट झाले. १८९४ साली त्याची प्रकाशनसंस्था बुडाली. कर्ज फेडण्यासाठी तो व्याख्याने देत पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला आणि जानेवारी १८९६मध्ये मुंबईत उतरला. मुक्काम काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन्स हॉटेलात. खोलीची व्यवस्था चाललेली असताना एका धिप्पाड जर्मन माणसाने एका हिंदी नोकराच्या काय चुकले ते न सांगताच त्याच्या गालफडात मारली. नोकराने ती मुकाट सोसली. ट्वेनला मिसूरीतले बालपण आठवले. तिथे गुलामांना असेच मारत, आणि ते कुणाला खटकत नसे. त्याच्या स्वतःच्या सज्जन वडिलांनाही. ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या १८९७च्या पुस्तकात त्याने हे लिहिले आहे. तो संत झाला नव्हता. याच मुक्कामात नोकराचे नाव उच्चारायला अवघड म्हणून त्याने त्याला ‘सैतान’ म्हणायला सुरुवात केली, आणि त्याचीही गंमत करून सांगितली. पण होर्ताला त्याने जे केले नव्हते ते मुंबईत केले : डोळ्यांसमोरची गोष्ट त्याने स्वतःच्या घराशी जोडली.

त्याला एकोणतीस वर्षे लागली. पहिल्या वेळी तो दुसऱ्याच्या पैशाने मजा करायला निघालेला तरुण होता, दुसऱ्या वेळी देणे फेडायला निघालेला साठीचा गृहस्थ. काठावरची माणसे दोन्ही वेळा तीच होती. कुणी बाटलीचे दोन जेवणांएवढे पैसे लावणारे, कुणी मळ्यातून ओरडणारे, कुणी होडी वळवून निघून जाणारे, कुणी गालावर खाऊन गप्प बसणारे. सहलीचा इतिहास बोटींच्या नावांनी लिहितात. तो या माणसांच्या बाजूने लिहायचा म्हटले, तर ‘तीर्थ’ या शब्दाच्या सगळ्यांत जुन्या अर्थापासून सुरुवात करावी लागेल : उतरायची जागा.